सरकारी कार्यालयांतील मुक्तस्रोत सॉफ्टवेअर : परवान्याचा खर्च वाचल्यानंतरचे प्रश्न

कोरडवाहू (धागाकर्ता)

केंद्र सरकारने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा स्रोत (मूळ कोड) कोणालाही पाहता व बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, स्वीकाराचे धोरण २०१५ साली जाहीर केले. त्याचा मजकूर आजही मुळातून वाचण्याजोगा आहे. ई-प्रशासनाच्या नव्या प्रणालीसाठी निविदा काढताना मुक्तस्रोत पर्यायाला पसंती देण्याचे कलम तीत घालावे लागते; पुरवठादाराने तो पर्याय वगळला तर का वगळला याचे कारण द्यावे लागते; आणि संबंधित कार्यालयाने दोन्ही पर्याय क्षमता, नियंत्रण, सुरक्षितता, संपूर्ण आयुष्यभराचा खर्च आणि देखभाल या निकषांवर ताडून पाहायचे असतात. केंद्राच्या अखत्यारीतील कार्यालयांना हे लागू आहे. राज्यांनी स्वीकारायचे की नाही हे त्यांच्यावर सोपवलेले आहे. त्याआधी २००९ मध्ये भारतीय भाषांसाठी युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरलेला संकेतांक देणारी पद्धत) हे प्रमाण म्हणून ठरले होते आणि २०१० मध्ये खुल्या मानकांचे धोरणही आले होते. कागदोपत्री पाहिले तर आपली तयारी कोणाहून कमी नव्हती.

तरीही एखाद्या पंचायत समितीच्या कार्यालयात टेबलावरचा संगणक सुरू केला तर पडद्यावर विंडोजच उमटते, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. आतल्या बाजूला, म्हणजे सर्व्हरच्या खोलीत, चित्र निराळे असते. तेथे लिनक्स ही मुक्तस्रोत संगणक-प्रणाली आणि मुक्तस्रोत माहितीसाठे वर्षानुवर्षे चालत आले आहेत. आधारसारखी प्रचंड यंत्रणाही मुख्यत्वे अशाच साधनांवर उभी राहिली. तेथे निर्णय मूठभर अभियंत्यांच्या हातात असतो आणि वापरणाऱ्याला आत काय आहे हे कळण्याची गरजही नसते. अडचण सुरू होते ती कारकुनाच्या टेबलापाशी, कारण तेथे प्रत्येक बदल माणसाच्या हाताच्या सवयीला, जुन्या फायलींना आणि वरिष्ठांच्या सहीला जाऊन भिडतो.

मला असे वाटू लागले आहे की आपल्या धोरणाची सगळी दृष्टी खरेदीच्या दिवसावर खिळलेली आहे, आणि यशापयश मात्र त्यानंतरच्या दहा वर्षांत ठरते. बिघाड झाल्यास कोण दुरुस्त करणार, पत्रांचे नमुने कोण सांभाळणार, दस्तऐवज कोणत्या स्वरूपात साठवले जाणार, आणि हे सारे करणारी माणसे शासनाच्या पगारपत्रकावर असणार की कंत्राटदाराच्या, या प्रश्नांची उत्तरे निविदेत सापडत नाहीत. परवान्याची किंमत ही या हिशेबातली सर्वांत ठळक आणि बहुधा सर्वांत कमी महत्त्वाची बाब आहे.

एक उदाहरण मला या दृष्टीने फार बोलके वाटते आणि त्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. ते म्हणजे जिल्हा व तालुका न्यायालयांचे. ई-कोर्ट प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात वेगवेगळ्या राज्यांत खटल्यांच्या नोंदीसाठी वेगवेगळ्या प्रणाली वापरात होत्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने मुक्तस्रोत साधनांचा मार्ग धरला, उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची न्यायालयांसाठी बेतलेली आवृत्ती तयार झाली, आणि खटल्यांच्या नोंदीची एकच राष्ट्रीय प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, पुणे कार्यालयात विकसित करण्यात आली. तिची रचना विचारपूर्वक केलेली आहे. गाभा देशभर एक असतो, आणि त्याभोवतीचा भाग प्रत्येक उच्च न्यायालय आपल्या नियमांप्रमाणे, भाषेप्रमाणे व रिवाजाप्रमाणे जुळवून घेते. प्रत्येक खटल्याला मिळणारा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक आणि राष्ट्रीय न्यायिक माहिती जाळ्यावर दिसणारे प्रलंबित खटल्यांचे आकडे हे याच कामाचे फळ आहे. एका खासगी पुरवठादाराकडून परवाने घेऊन हे करायचे ठरवले असते, तर प्रत्येक उच्च न्यायालयाच्या प्रत्येक नियमबदलासाठी वेगळी मागणी, वेगळे दरपत्रक आणि वेगळी प्रतीक्षा वाट्याला आली असती.

न्यायालयांना जे जमले ते महसूल, ग्रामविकास किंवा शिक्षण विभागाला का जमू नये? ज्यांनी कार्यालयांत प्रत्यक्ष काम केले आहे किंवा परदेशांतील प्रयोग जवळून पाहिले आहेत, त्यांनी आपले अनुभव लिहावेत. लिनक्स चांगले की विंडोज चांगले हा वाद कृपया येथे आणू नये.

सनदी

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. धागाकर्त्यांनी वर्णन केलेले चित्र बरोबर आहे, पण ते थोडे अधिक उजळ रंगवले गेले आहे असे मला वाटते.

ही प्रणाली रुजली, कारण तिला पर्याय ठेवलेला नव्हता. उच्च न्यायालयाच्या प्रशासकीय परिपत्रकाला जिल्हा न्यायालयात जे वजन असते, तसे वजन इतर खात्यांत वरिष्ठांच्या पत्राला असतेच असे नाही. दुसऱ्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या खटल्यांची यादी, जर प्रणालीतूनच निघणार असेल, तर बेंच क्लार्कला संध्याकाळपर्यंत रोजनाम्याची नोंद आणि पुढची तारीख भरावीच लागते. काम अडते, म्हणून सवय लागते. त्यात न्यायालयीन कामाचा साचा ठरलेला असतो. दावा दाखल होतो, समन्स निघते, कैफियत येते, मुद्दे निघतात, पुरावा होतो, निकाल लागतो. महसूल खात्यातल्या कारकुनाच्या वाट्याला एका दिवसात टंचाईचा आराखडा, निवडणुकीची यादी आणि मंत्र्यांच्या दौऱ्याची टिपणी असे काहीही येऊ शकते. त्यामुळे न्यायालयांचा अनुभव जसाच्या तसा दुसरीकडे लागू होईल, असे धरून चालू नये.

जेथे काम प्रणालीच्या बाहेर जाते, तेथे जुन्याच अडचणी भेटतात. न्यायाधीशांचे निकाल आणि आदेश लिबरऑफिस या मुक्तस्रोत ऑफिस-संचात टंकलिखित होतात, आणि आम्ही वकील मंडळी आमच्या कार्यालयात वर्डमध्ये तयार केलेले अर्ज घेऊन येतो. मराठी मजकूर, तक्ते आणि परिच्छेदांचे क्रमांक एकीकडून दुसरीकडे नेताना सरकतात. ई-फायलिंगमुळे सगळे पीडीएफमध्ये द्यावे लागू लागले आणि हा त्रास बराच कमी झाला. पण पीडीएफ हा काम संपल्यानंतरचा कागद असतो, त्यावर पुढचे काम करता येत नाही. लघुलेखकांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. ज्यांचा हात यंत्रावरच्या जुन्या मराठी कळपाटावर बसलेला आहे, त्यांना इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळपाटाकडे वळवणे हे संपूर्ण संगणक बदलण्याहून अवघड काम असते.

इसारकाठ

मी गेली बरीच वर्षे म्युनिकमध्ये राहतो, त्यामुळे या विषयावर बोलताना मला लिमक्सचा, म्हणजे या शहराच्या लिनक्स प्रकल्पाचा, उल्लेख टाळता येणार नाही. हे प्रकरण मराठीत बहुतेक वेळा एका ओळीत सांगितले जाते की ‘म्युनिकने लिनक्स आणले आणि शेवटी पस्तावून सोडले’. ही ओळ अपुरी आहे.

मे २००३ मध्ये नगर परिषदेने विंडोजकडून लिनक्सकडे जाण्याचा ठराव केला. त्याआधी मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौर क्रिस्तियान ऊडे यांना भेटायला शहरात आले होते, यावरून या निर्णयाचे महत्त्व त्या कंपनीला किती वाटत होते हे दिसते. प्रत्यक्ष बदल २००६ पासून सुरू झाला आणि २०१३ च्या अखेरीस सुमारे १५ हजार संगणकांचे स्थलांतर पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. इतका काळ का लागला, तर सुरुवातीला असे उघडकीस आले की शहराच्या विविध विभागांत वीसहून अधिक स्वतंत्र संगणक-कक्ष आपापल्या पद्धतीने काम करत आहेत, आणि वर्डमधले हजारो नमुने व मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञांचे संच) कोणी, कधी, कशासाठी केले याची एकत्रित नोंदच नाही. शहराच्या तंत्रज्ञांनी मग पत्रनमुन्यांसाठी ‘वॉलमक्स’ नावाचे साधन स्वतः तयार केले आणि तेही मुक्त परवान्याखाली सर्वांना उपलब्ध केले. माझ्या मते त्या संपूर्ण प्रकल्पातले सर्वांत मोलाचे काम हेच होते. लिनक्स बसवण्यापेक्षा आपल्याकडे नेमके किती प्रकारचे कागद निघतात हे शहराला पहिल्यांदा समजले.

पुढे २०१४ मध्ये डीटर राइटर महापौर झाले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे जर्मनीतील मुख्यालय शेजारच्या गावातून शहरात आले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये परिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. या दोन घटनांचा संबंध होता की नव्हता यावर येथे आजही वाद होतो आणि मी त्यात पडणार नाही. पण निर्णयाआधी सल्लागारांनी जो अहवाल दिला होता, त्यात मुख्य दोष संगणक-विभागाच्या विस्कळीत रचनेत असल्याचे म्हटले होते. लोक ज्या गोष्टींबद्दल वैतागले होते, त्यांपैकी बऱ्याच गोष्टी प्रणाली बदलूनही तशाच राहणार होत्या. गंमत अशी की २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या नव्या आघाडीने आपल्या करारात पुन्हा मुक्तस्रोताला प्राधान्य देण्याचे लिहून ठेवले.

या अनुभवातून शहाणे झाले ते उत्तरेकडचे श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य. त्यांनी २०२४ मध्ये सुमारे ३० हजार संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचा निर्णय घेतला, २०२५ च्या शरद ऋतूत ४० हजारांहून अधिक टपालपेट्या मुक्तस्रोत ई-मेल व्यवस्थेवर नेल्या, आणि संगणकाची मूळ प्रणाली बदलण्याचे काम शेवटी ठेवले. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने हाच क्रम खूप आधी पाळला होता. २००५ मध्ये ओपनऑफिस, २००६ मध्ये फायरफॉक्स व थंडरबर्ड, आणि सर्वांच्या अंगवळणी पडल्यावर २००८ पासून उबुंटू. आज तेथील बहुसंख्य संगणक त्यावरच चालतात. ज्या शिपायाला लेखनाचे, टपालाचे आणि महाजालाचे साधन आधीपासून ओळखीचे झालेले असते, त्याला खालची प्रणाली बदलली याचे फारसे सोयरसुतक राहत नाही.

नस्तीबंद

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. वरच्या दोन्ही प्रतिसादांतून मला बरेच शिकायला मिळाले, परंतु कार्यालयात काय घडते याबद्दल दोन शब्द सांगणे आवश्यक वाटते.

संगणकांची खरेदी होते तेव्हा विंडोज यंत्रातच बसवून येते. तिची वेगळी रक्कम देयकात ठळकपणे दिसत नाही, त्यामुळे ती वाचवल्याचे श्रेयही कोणाला मिळत नाही. उलट दुसरी प्रणाली आणली आणि ऐन मार्चअखेरीस प्रिंटर चालेनासा झाला, तर त्याचा दोष मात्र निर्णय घेणाऱ्याच्या माथी येतो. अधिकाऱ्याची बदली तीन वर्षांत होते. इतक्या अवधीत धोका पत्करायचा त्याने आणि त्याचा लाभ व्हायचा त्याच्यानंतर येणाऱ्याला, असा हा व्यवहार आहे. अशा स्थितीत कोणीही शहाणा माणूस आहे तेच पुढे चालवतो, आणि त्याला मी दोष देणार नाही.

दुसरी बाब प्रशिक्षणाची. राज्य शासनाच्या सेवेत येणाऱ्याला एमएस-सीआयटी उत्तीर्ण व्हावे लागते. हा अभ्यासक्रम २००१ पासून चालू आहे, गावोगावी त्याची केंद्रे आहेत आणि लाखो मुलामुलींनी त्यातून पहिल्यांदा संगणकाला हात लावला, हे त्याचे ऋण मान्यच आहे. पण त्यात शिकवले जाते ते मुख्यतः विंडोज आणि मायक्रोसॉफ्टचे ऑफिस. उमेदवार ज्यावर परीक्षा देतो तेच कार्यालयात मागतो. कार्यालयात बदल व्हावा असे वाटत असेल तर आधी हा अभ्यासक्रम बदलावा लागेल, आणि ही गोष्ट कोणत्याही निविदेच्या कक्षेत येत नाही.

तिसरी गोष्ट तांत्रिक माणसाची. तालुक्याच्या ठिकाणी संगणक बिघडला की वार्षिक देखभालीच्या कंत्राटातला मुलगा येतो. तो होतकरू असतो, त्याला सगळ्यात सोपा उपाय माहीत असतो आणि तो म्हणजे यंत्र पुसून विंडोज पुन्हा टाकणे. आमच्या कार्यालयात एका उत्साही अधिकाऱ्याने काही संगणकांवर लिनक्स बसवून घेतले होते. त्यांची बदली झाल्यावर पहिल्याच बिघाडाच्या वेळी ते सर्व संगणक पूर्ववत झाले. कोणी विरोध केला नाही, कोणी आदेशही काढला नाही. इतकेच.

खडूफळा

नस्तीबंद काकांनी प्रशिक्षणाचा मुद्दा काढला म्हणून केरळबद्दल लिहितो, कारण तेथे नेमकी हीच कडी हाती धरली गेली.

तेथील आयटी अॅट स्कूल प्रकल्प २००१ च्या सुमारास सुरू झाला. याच काळात, २००१ मध्ये, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या भारतीय शाखेचे कामही तिरुवनंतपुरममधून सुरू झाले होते, आणि मुक्त सॉफ्टवेअरचा विषय तेथे संगणकतज्ज्ञांपुरता मर्यादित न राहता शिक्षकांच्या, पत्रकारांच्या आणि राजकीय कार्यकर्त्यांच्या चर्चेत आला. शाळांतला संगणक-अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या उत्पादनांभोवती का असावा, हा प्रश्न सार्वजनिकरीत्या विचारला गेला आणि काही वर्षांत शाळा पूर्णपणे मुक्तस्रोताकडे वळल्या. दहावीची संगणकाची परीक्षाही त्याच प्रणालीवर होऊ लागली, त्यामुळे कोणाला पळवाट उरली नाही. आज हे काम ‘काइट’ ही शासकीय कंपनी पाहते. ती शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करते, पाठ्यपुस्तके त्याच आवृत्तीतील साधनांवर बेतलेली असतात, आणि शिक्षकांचे प्रशिक्षण शिक्षकांतूनच निवडलेले मार्गदर्शक देतात. ‘लिटल काइट्स’ या मंडळांतून विद्यार्थीसुद्धा शाळेतले संगणक सांभाळायला शिकतात.

मी स्वतः माध्यमिक शाळेत शिकवतो आणि आमच्या संगणक-कक्षाची अवस्था येथे सांगण्यासारखी नाही. केरळच्या शिक्षकाला बिघाड झाला तर कोणाला विचारायचे हे ठाऊक आहे. मला ते ठाऊक नाही. सगळा फरक मला येथे दिसतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिबरऑफिस आणि लिनक्सचे पाठ मराठीतून उपलब्ध आहेत, फुकट आहेत आणि उत्तम आहेत. पण ते पाहून शिकावे असे शिक्षकाला कोणी सांगत नाही आणि पाहिल्याची नोंद कोठे होत नाही.

कोरडवाहू

खडूफळा सर, केरळच्या अनुभवाबद्दल आभार. त्याच्या जोडीने सांगितल्या जाणाऱ्या एका आकड्याबद्दल मात्र मला शंका घ्यावीशी वाटते. २०१९ मध्ये काइटने जाहीर केले होते की दोन लाखांहून अधिक संगणकांवर मुक्तस्रोत प्रणाली बसवल्यामुळे राज्याचे ३,००० कोटी रुपये वाचले. भागाकार केला तर प्रत्येक संगणकामागे सुमारे दीड लाख रुपये येतात. म्हणजे त्या प्रणालीत असलेल्या प्रत्येक साधनाऐवजी बाजारातले महागडे साधन पूर्ण किमतीला विकत घेतले असते तर, असा हा हिशेब आहे. कोणत्याही सरकारने शाळेतल्या संगणकासाठी इतके पैसे कधीच मोजले नसते. अशा आकड्यांनी मथळे होतात, पण विरोधकांना आयते शस्त्रही मिळते. केरळने जे खरोखर कमावले ते पैशात मोजता येणार नाही असे नाही, पण ते परवान्याच्या पैशांत मोजू नये. स्वतःची आवृत्ती दर काही वर्षांनी नवी करून दोन लाख यंत्रांवर पोचवू शकणारी यंत्रणा आज त्या राज्याकडे आहे. ती बाजारात कोणत्याही किमतीला मिळत नाही.

टंकनिका

या चर्चेत मराठीचा स्वतंत्र प्रश्न अजून आलेला नाही. मी जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचे काम करते आणि माझ्या अनुभवाप्रमाणे महाराष्ट्रातील कार्यालयांना जखडून ठेवणारी साखळी विंडोजची किंवा वर्डची नाहीच, ती फाँटची आहे.

श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या संचांनी एकेकाळी मराठी टंकलेखन शक्य केले, हे विसरून चालणार नाही. परंतु त्या काळच्या पद्धतीत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फायलीत साठवली जाते ती रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक मालिका. ठरावीक फाँट हाताशी असेल तरच ती मराठी दिसते. प्रत्येक संचाची मांडणी निराळी, आणि कधी कधी एकाच संचाच्या दोन आवृत्त्यांचीही निराळी. अशी फाइल लिबरऑफिसमध्ये उघडते, तिचे तक्तेही व्यवस्थित दिसतात, पण मजकूर वाचता येत नाही, शोधता येत नाही, वर्णानुक्रमे लावता येत नाही. कारकून स्वाभाविकपणे म्हणतो की नवीन सॉफ्टवेअर बिघडलेले आहे. वास्तविक बिघाड पंचवीस वर्षांपूर्वी फायलीतच साठवला गेलेला असतो.

२००९ मध्ये युनिकोड प्रमाण ठरल्यानंतर नवे काम बहुतांशी सुधारले. आता चांगल्या, मुक्त परवान्याच्या फाँटची वाणही नाही. रेड हॅट या कंपनीने उपलब्ध करून दिलेला ‘लोहित देवनागरी’, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ ही सहज आठवणारी नावे. अडते ते जुन्या साठ्यापाशी. रूपांतराची साधने आहेत, पण जोडाक्षरे, रफार आणि आकडे यांत चुका राहतात, त्यामुळे जमिनीचे गट क्रमांक किंवा नावे असलेला प्रत्येक कागद माणसाने तपासावा लागतो. या कामाला मनुष्यबळ लागते, पैसे लागतात, आणि ते परवान्याच्या बचतीतून आपोआप निघत नाहीत. कोणत्याही विभागाने मुक्तस्रोताकडे जाण्याचा आराखडा करताना हा खर्च पहिल्या पानावर लिहिला पाहिजे, नाहीतर तो नंतर अपयशाच्या नावाखाली लिहिला जातो.

श्रुतलेख

एक मुद्दा मी आपल्या नजरेस आणू इच्छितो. मला दिसत नाही, आणि मी एका शासकीय कार्यालयात लिपिक आहे. मी एनव्हीडीए हे पडदावाचक सॉफ्टवेअर वापरतो. ते मुक्तस्रोत आहे, विनामूल्य आहे, आणि त्याच्यामुळे माझ्यासारख्या असंख्य माणसांना हजारो रुपयांचे परवाने न घेता नोकरी करता आली. परंतु ते विंडोजवरच चालते. लिनक्सवर ऑर्का हा पडदावाचक आहे, मराठी वाचणारा ई-स्पीकचा आवाजही आहे, पण मराठी मजकूर, तक्ते आणि कार्यालयीन प्रणालीचे रकाने वाचताना मला दोन्हींमध्ये बराच फरक जाणवतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००५ मध्ये दस्तऐवजांसाठी ओडीएफ हे खुले स्वरूप अनिवार्य करण्याचे ठरवले, तेव्हा अपंग कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी हाच आक्षेप घेतला होता. त्या आक्षेपाचा उपयोग काही कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी करून घेतला हे खरे असेल, पण आक्षेप खोटा नव्हता. निर्णय घेणाऱ्यांनी आमच्याशी आधी बोलावे एवढेच माझे म्हणणे आहे. खुल्या स्वरूपाला माझा विरोध नाही. उलट चित्ररूपात स्कॅन करून ठेवलेल्या पीडीएफपेक्षा, ज्यातले एक अक्षरही मला वाचता येत नाही, कोणतेही खुले स्वरूप मला परवडते.

इसारकाठ

श्रुतलेख यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. एनव्हीडीएच्या उदाहरणावरून हेही दिसते की मूळ प्रणाली शेवटी बदलावी हा क्रम केवळ सोयीचा नाही. काही जणांच्या बाबतीत ती बदलू नये हाच योग्य निर्णय असू शकतो. जांदार्मरीतही सर्व यंत्रे बदललेली नाहीत.

आणखी एक प्रश्न धागाकर्त्यांना विचारतो. युरोपात सध्या या विषयाला जी गती आली आहे, ती खर्चामुळे आलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मुख्य अभियोक्त्यांवर निर्बंध लादले, त्यानंतर त्यांचे ई-मेल खाते बंद पडल्याच्या बातम्या आल्या, आणि आपण ज्यावर विसंबून आहोत ते कोणाच्या तरी एका सहीने थांबू शकते याची जाणीव येथील प्रशासनांना झाली. भारतात या बाजूने विचार होतो का?

कोरडवाहू

होतो, आणि त्याला कारणही घरचेच आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध घातले. तिचे मुख्यालय मुंबईत आहे, गुजरातेत वाडिनारला तिचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि तिच्यात रोसनेफ्ट या रशियन कंपनीचा मोठा हिस्सा आहे. निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने तिला दिल्या जाणाऱ्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. हे निर्बंध भारताने किंवा संयुक्त राष्ट्रांनी लादलेले नव्हते, तरीही भारतातल्या माणसाचे टपाल भारतातच बंद पडले.

त्यानंतर आपल्याकडे जो प्रतिसाद उमटला तो प्रामुख्याने स्वदेशीचा होता. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहोचेच ऑफिस वापरण्यास सांगितले. परक्या देशाच्या आदेशाने सेवा बंद पडण्याचा धोका यामुळे कमी होतो, हे मान्य करावे लागेल, आणि एखादी भारतीय कंपनी या दर्जाचे काम करते ही समाधानाचीच गोष्ट आहे. परंतु तिचा स्रोत खुला नाही. उद्या तिने दर वाढवले, धोरण बदलले किंवा मालकी बदलली, तर सरकारसमोर तेच प्रश्न नव्याने उभे राहतील. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर आधारित ‘माया’ प्रणाली स्वीकारण्याचे ठरवले, तेव्हा निवडलेला मार्ग यापेक्षा वेगळा होता. तेथे स्रोत हाती असल्यामुळे दुरुस्तीचा अधिकारही हाती राहतो. हे दोन मार्ग एकाच नावाने ओळखले जाऊ लागले आहेत आणि त्यामुळे २०१५ च्या धोरणातला मूळ मुद्दा मागे पडतो आहे.

सनदी

याच संदर्भात आणखी एक भेद लक्षात ठेवावा असे सुचवते. मुक्तस्रोत साधने वापरून प्रणाली बांधणे ही एक गोष्ट, आणि सरकारने स्वतः बांधलेल्या प्रणालीचा स्रोत लोकांना खुला करणे ही दुसरी. केंद्राने २०१५ मध्ये या दुसऱ्या गोष्टीसाठी स्वतंत्र धोरणही केले होते. मे २०२० मध्ये आरोग्य सेतूचा स्रोत खुला झाला तो मोठ्या सार्वजनिक दबावानंतर. ज्या प्रणालीने माझ्या अशिलाची तारीख ठरते किंवा शेतकऱ्याचा फेरफार मंजूर होतो, तिची तपासणी करण्याची मुभा बाहेरच्या तज्ज्ञांना असावी, ही मागणी मला खर्चाच्या मुद्द्याहून अधिक न्याय्य वाटते.

कोरडवाहू

आतापर्यंतच्या चर्चेवरून मला एक मर्यादित प्रयोग सुचतो. राज्यभराची प्रणाली बदलण्याची भाषा न करता एका तालुक्याचा जावक पत्रव्यवहार घ्यावा. त्या कार्यालयातून नियमितपणे निघणाऱ्या पत्रांचे, नोटिसांचे आणि टिपण्यांचे नमुने गोळा करावेत, ते युनिकोडमध्ये व ओडीएफमध्ये नव्याने बसवावेत, एनव्हीडीएवर वाचून पाहावेत आणि आहे त्याच विंडोज संगणकांवर लिबरऑफिसमधून वापरावेत. मूळ प्रणालीला हात लावू नये. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यामुळे अनेक कार्यालयांतील जुन्या यंत्रांचा प्रश्न आज ना उद्या सोडवावाच लागणार आहे. तोपर्यंत निदान कागद तरी कोणत्याही प्रणालीवर उघडतील असे झालेले असावेत. नमुन्यांची यादी कोणी देऊ शकेल का?

नस्तीबंद

तहसील कार्यालयापुरती मी देऊ शकेन. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला यांसारखी प्रमाणपत्रे आता आपले सरकार पोर्टलवरून निघतात, ती सोडून द्यावीत. फेरफाराच्या नोटिसाही ई-फेरफार प्रणालीतून जातात. उरतात ती अपिलांतील सुनावणीच्या नोटिसा, मंडळ अधिकाऱ्यांकडे पाठवायची चौकशीपत्रे, स्मरणपत्रे, माहिती अधिकाराची उत्तरे, जमिनीच्या मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाला लिहायची पत्रे, रजा मंजुरीचे आदेश, कारणे दाखवा नोटिसा आणि बैठकांची इतिवृत्ते. माझ्या अंदाजाने तीस-पस्तीस नमुन्यांत बहुतेक काम भागेल. यांपैकी काही मला अजून तोंडपाठ आहेत. माहिती अधिकाराच्या उत्तरापासून सुरुवात करावी, कारण त्यात अपिलीय अधिकाऱ्याचे नाव आणि मुदत लिहायची राहून जाते आणि नंतर आयोगापुढे उत्तर द्यावे लागते. टंकनिका ताईंनी फाँट सुचवावा. मजकूर मी या आठवड्यात लिहून येथे टाकतो.